पहिला डोस दुपारी दोनला

औषधाची ऑर्डर सकाळी साडेदहाला कॉम्प्युटरवरच्या सिस्टीममध्ये पडली होती: पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम हे अँटिबायोटिक ४.५ ग्रॅम, आयव्ही (शिरेतून), टीडीएस (दिवसातून तीनदा). पेशंट जतकडच्या, साठीच्या, डायबेटिस असलेल्या. लघवीचं इन्फेक्शन रक्तात पसरल्याचा संशय. बीपी ९२/५८, पल्स १२४. कॅज्युअल्टीत ब्लड कल्चर घेतलं, सलाईन जोडलं आणि बेड रिकामा होताच त्यांना वॉर्डात पाठवलं.

सव्वाबाराला त्यांच्या मुलाने विचारलं, "सिस्टर, आईला तापाचं इंजेक्शन अजून दिलं न्हाई का?"

त्या बेडची ड्युटी असलेल्या सिस्टरने स्क्रीन बघून सांगितलं, "दोन वाजता आहे, दादा."

शेजारच्या बेडची फाईल बघताना हे माझ्या कानावर पडलं. सेप्सिसचा, म्हणजे इन्फेक्शन जिवावर बेतण्याइतकं अंगभर भिनल्याचा, दाट संशय असेल तर अँटिबायोटिक तासाभरात गेलं पाहिजे, हे त्या सिस्टरला माहीत नव्हतं असं अजिबात नाही. तोंडी परीक्षेत तिने ते झोपेतही सांगितलं असतं. पण स्क्रीनवर सगळं हिरवं होतं.

आमच्या सिस्टीममध्ये टीडीएस म्हणजे सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. साडेदहाची ऑर्डर पुढची ठरलेली वेळ शोधते आणि दोनला जाऊन बसते. पहिला डोस लगेच हवा असेल तर डॉक्टरांनी वेगळी स्टॅट (ताबडतोब द्यायची) ऑर्डर टाकायची, नाहीतर त्याच ऑर्डरखाली 'फर्स्ट डोस नाऊ'ची टिक करायची. ती टिक पान खाली सरकवल्याशिवाय दिसत नाही. राऊंडमध्ये उभ्याउभ्या ऑर्डरी टाकणारा रेसिडेंट पान कशाला सरकवेल? आणि वेळ उलटून गेल्याशिवाय औषध लाल होत नाही. म्हणजे दोन वाजेपर्यंत सिस्टीमच्या लेखी काहीच चुकलेलं नव्हतं.

डॉक्टरांना फोन केला, अ‍ॅलर्जी नाही ना हे बघायला थोडासा टेस्ट डोस दिला. व्हायल २० मिलीत विरघळवून पूर्ण निवळ होईपर्यंत फिरवली, १०० मिली एनएसमध्ये (नॉर्मल सलाईनमध्ये) घातली आणि १२.४० ला सुरू केली, अर्ध्या तासात संपेल अशी. टेस्ट डोसची नोंद करायला सिस्टीममध्ये जागाच नाही. ती नर्सिंग नोट्समध्ये लिहावी लागते आणि तिथे ती पुन्हा कुणी शोधत नाही.

खरी कटकट पुढेच होती. १२.४० चा डोस नोंदवायला गेलं की सिस्टीम तो दोनच्या खात्यात टाकते आणि '८० मिनिटं आधी का दिला' याचं कारण विचारते. उशिराचं कारण ती विचारतच नाही. पुढचा डोस मात्र १० लाच राहतो, म्हणजे मधे सव्वानऊ तासांहून जास्त अंतर. तो ८.४० ला आणायचा तर डॉक्टरांचंच लॉगिन लागतं. आम्हाला वेळ बदलता येत नाही. दिवसभर औषध आमच्या हातून जातं आणि वेळेची चावी मात्र दुसऱ्याकडे, हे मला अजिबात पटत नाही.

पेशंटचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला, पुढे त्या घरी गेल्या. मेमो मिळाला त्या सिस्टरला. ऑर्डर टाकणाऱ्याला नाही, वेळा बसवणाऱ्याला तर नाहीच.

कागद परत यावा असं मी म्हणणार नाही. दशांश चिन्ह पुसट झालेला डोस आणि न लागणारं अक्षर यांच्यापायी काय काय निस्तरावं लागायचं, ते आम्हालाच ठाऊक. अ‍ॅलर्जीची सूचना आता ऑर्डर टाकतानाच समोर येते, ही मोठी गोष्ट आहे. पण कागदी चार्टवर पहिल्या डोसची वेळ सिस्टर स्वतः पहिल्या चौकोनात लिहायची. त्यासाठी तिला डोकं चालवावं लागायचं, नव्या सिस्टीमने ते काम तिच्याकडून काढून घेतलं आणि दुसऱ्या कुणाला दिलंच नाही.

ट्रेनिंगला काय झालं? नाईट करून आलेल्या मुलींना हॉलमध्ये बसवून स्लाईड दाखवल्या. नमुन्याच्या पेशंटला पॅरासिटामॉलची गोळी, सकाळी सहाला ऑर्डर, सहालाच डोस. असा पेशंट वॉर्डात येत नाही. तो अकराला येतो, सोबत कॅज्युअल्टीचा कागद असतो आणि वॉर्डात तीस बेडमागे एकच चाकाचा कॉम्प्युटर असतो.

नव्या सिस्टर्सना मी आता टेस्ट लॉगिनवर हेच करायला लावते: अकराचं अ‍ॅडमिशन, टीडीएस ऑर्डर, टिक न करता. पहिला डोस कुठे गेला ते शोध, स्टॅट मागून घे, पुढच्या दोन वेळा डॉक्टरांकडून सरकवून घे. मग एक औषध होल्ड कर, एक पेशंट डोस नको म्हणतोय ते नोंदव. शेवटी सर्व्हर बंद आहे असं समजून छापील चार्टवर तेच लिही आणि नंतर भरताना दिलेली वेळ घाल, कारण सिस्टीम आपणहून भरतानाची वेळ उचलते आणि पुढची सिस्टर तोच डोस पुन्हा देऊ शकते. एवढ्याला पाऊण तास लागतो, तोही वॉर्डातच.

टिक वर आणा, अशी लेखी मागणी केली आहे. 'पुढच्या अपडेटमध्ये बघू' असं उत्तर आलंय. तोवर ओव्हरच्या, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंट सोपवायच्या, वहीत एक रकाना हाताने आखला आहे, 'पहिला डोस प्रत्यक्ष किती वाजता', आणि तो रिकामा असेल तर मी ओव्हर घेत नाही.