सातवीतली मुलगी आणि नूतनीकरणाची फाइल

मुलींच्या त्या बालगृहाची नोंदणी संपत आली होती. बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे नोंदणी पाच वर्षांची असते. तिच्या नूतनीकरणाचा अहवाल मला द्यायचा होता, म्हणून मी मागचे तपासणी अहवाल चाळत बसले होते. इमारत ठीक, स्वच्छतागृहं पुरेशी, आहारतक्ता भिंतीवर. मुलींच्या तक्रारींच्या रकान्यात दर वेळी ‘निरंक’.

त्याच दुपारी शाळेतल्या एका बाईंनी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला. सातवीतली मुलगी शाळा सुटली तरी बालगृहात परत जायला तयार नव्हती. रात्री तिथे कोण असतं आणि काय करतं, हे तिने बाईंना सांगितलं होतं. बाईंनी खोदून विचारलं नाही, वरिष्ठांच्या परवानगीची वाट पाहिली नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ ने कळवण्याची ही जबाबदारी प्रत्येकावर टाकली आहे, पण ती इतकी सरळ पार पाडणारी माणसं मला फार थोडी भेटली आहेत.

जबाब घ्यायला महिला पीएसआय साध्या पंजाबी ड्रेसमध्ये आल्या. शाळेच्या ग्रंथालयातला कोपरा मुलीनेच निवडला. बोलता बोलता ती थांबली आणि माझ्याकडे वळली. “ताई, मी सांगितलं म्हणून सगळ्यांना बाहेर काढणार का? मॅडम म्हणाल्या, संस्था बंद पडली तर तुम्ही सगळ्या रस्त्यावर.”

म्हणजे अधीक्षकांना आधीच माहीत होतं.

संध्याकाळी पोलिसांबरोबर बालगृहात गेलो. संस्थेच्या सचिवांचा एक नातेवाईक वीज-पाण्याचं बघायला म्हणून रात्री तिथेच मुक्कामाला असायचा. मुलींच्या बालगृहात कर्मचारी महिलाच हव्यात. पण हा कर्मचाऱ्यांच्या यादीतच नव्हता, मग त्याची चारित्र्य पडताळणी कोण करणार? तक्रारपेटी अधीक्षकांच्या दाराला लागून टांगलेली. कुलूप गंजलेलं, किल्ली त्यांच्याच जुडग्यात. कोणती मुलगी तिथे चिठ्ठी टाकेल?

“मॅडम, नूतनीकरण तोंडावर आलंय,” अधीक्षक म्हणाल्या. “एक तक्रार वर गेली की नोंदणी रद्द. मग बाकीच्या मुलींचं काय?”

हा समज मी अनेक संस्थांमध्ये ऐकला आहे आणि त्याने मुलांचं अतोनात नुकसान केलं आहे. नुसता आरोप झाला म्हणून नोंदणी आपोआप जात नाही. तक्रार दडवणं मात्र स्वतंत्र गुन्हा आहे. हाताखालच्या माणसाने केलेला अपराध संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर पॉक्सोच्या कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि नोंदणी रद्द केली किंवा रोखली, तरी ती पुन्हा मिळेपर्यंत संस्था चालवायची जबाबदारी कायद्याने राज्य सरकारवर टाकली आहे. ‘रस्त्यावर’ ही शुद्ध धमकी होती. हे मी त्या मुलीला तिला कळेल अशा शब्दांत सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं.

बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातलं लैंगिक अत्याचाराचं प्रकरण २०१८ मध्ये बाहेर आलं, ते मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पथकाने सामाजिक लेखापरीक्षण, म्हणजे तिथे राहणाऱ्यांशी बोलून तपासणी, केली म्हणून. सरकारी अनुदानावर चालणारी संस्था होती ती. म्हणून माझं ठाम मत आहे की, नूतनीकरणाच्या वेळी किती तक्रारी आल्या याला महत्त्व नाही. आलेल्या तक्रारीवर पहिल्या चोवीस तासांत काय केलं, ते विचारा. पाच वर्षांत एकही तक्रार नसेल तर आधी मुलींशी बोला, इमारत नंतर बघा.

अहवालात मी नूतनीकरण रोखण्याची शिफारस केली. कारण पहिलं लिहिलं ते तक्रार दडवल्याचं. संशयित त्याच रात्री अटकेत गेला, अधीक्षकांवरही गुन्हा दाखल झाला. शासकीय बालगृहातल्या अधीक्षकांकडे तात्पुरता कारभार आला. मुलींना एका रात्रीत इकडेतिकडे हलवावं लागलं नाही, दहावीच्या मुलींची शाळाही तीच राहिली.

त्या मुलीला मात्र तिथे राहायचं नव्हतं. धाकटी बहीणही तिथेच होती. मुलांनी कुठे राहायचं हे ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीने दोघींना विचारलं, तेव्हा मावशीचं नाव निघालं. मुलांना कुटुंबात सांभाळण्यासाठीच्या बालसंगोपन योजनेतून महिन्याला एका मुलामागे २,२५० रुपये मिळतात, तेवढ्यात भागत नाही, पण मावशी तयार होती. गृहभेटीत घराचं क्षेत्रफळ आणि उत्पन्न लिहिण्याआधी मी विचारलं, रात्री घरात कोण कोण झोपतं, पाहुणे आले तर कुठे झोपतात. मावशीला राग आला नाही. “विचारा ना, विचारायलाच हवं,” म्हणाली, आणि एकेकाचं नाव सांगू लागली.