सेकंडहॅन्ड झिरो-टर्न एकदाचा हलला!

ओहायोत मे महिन्यात गवत नुसतं उधाणतं, म्हणून शेवटी सेकंडहॅन्ड झिरो-टर्न मोअर (बसून चालवायचं, जागच्या जागी वळणारं गवत कापायचं यंत्र) घेतलाच. इंजिन मस्त धडधडतंय पण दोन्ही दांडे पुढे ढकलले तरी गाडी ढिम्म! वाटलं हायड्रो (चाकं फिरवणारे हायड्रॉलिक ड्राइव्ह) गेले, आता बसतोय फटका. मागे वाकून बघतो तर दोन्ही चाकांचे बायपास लिव्हर (गाडी हाताने ढकलता यावी म्हणून चाकं ड्राइव्हपासून सोडवणारे) उघडेच, ट्रेलरवर ढकलून चढवताना कुणीतरी उघडले असणार आणि तसेच राहिले. बंद केले, लगेच पळायला लागली, पण सारखी डावीकडे ओढायची. यूट्यूबवाले थेट लिंकेज (दांडे आणि ड्राइव्ह जोडणाऱ्या सळ्या) पिळायला लावतात, अरे आधी टायरची हवा तर बघा, डावा टायर निम्मा बसलेला! हवा भरली, गाडी सरळ. मग इंजिनाच्या स्पार्क प्लगची वायर काढून (पात्यांपाशी हात घालायचा तर हे पाहिजेच) डेक (पात्यांवरचं खालचं कव्हर) लेव्हल केला, पातं पुढून साधारण पाव इंच खाली ठेवलं. कटिंग चालू असताना सीटवरून जरा उठलं की इंजिन बंद, बायको म्हणे परत बिघडलं, म्हटलं अगं तो सेफ्टी स्विच आहे, तसंच व्हायला पाहिजे. काही लोक तो जंपर करून (वायर जोडून निकामी करून) टाकतात, कमाल आहे! मागच्या उतारावर मात्र हा न्यायचा नाही, तिथं जुना ढकलायचा मोअरच बरा.