सातवी सही

१६ मार्च, संगमेश्वर तालुका

शिमग्याला सगळे भाऊबंद गावी येतात, म्हणून सह्यांचे कागदही शिमग्यालाच निघतात. पालखी घरून पुढे गेली आणि दादाने ओटीवरच संमतीपत्र समोर धरलं. वरचं रान ठेकेदाराला तोडीला द्यायचंय. सातबाऱ्यावर सात नावं. सहा सह्या झाल्या, माझी राहिलीय.

१२ वर्षांपूर्वीच्या तोडीला मी मुकाट सही केली होती. त्या पैशांतून माहेरच्या घराचे वासे बदलले, ते लपवण्यात अर्थ नाही. रत्नागिरीत बहुतेक जंगल मालकीचंच, सरकारी नावापुरतं. आणि मालकाच्या हाती पैसा येतो तो असा तोडीलाच, तोही ठेकेदार देईल त्या भावाने. लाकूड जातं बॉयलरला, नाहीतर कोळशाच्या भट्टीत.

"रान कुठे जातंय? दोन पावसांत परत हिरवं," दादा म्हणतो.

हिरवं होतं, खरंच. सकाळी वर जाऊन आले. ऐन-किंजळाच्या एकेका खुंटातून चार-चार फोक आलेत, सगळे एका वयाचे, मधे रानमोडीचं तण माजलेलं. जुनं म्हणावं असं एकच झाड, वहाळाकडेचा, ओढ्याकाठचा बेहडा. वाकडा आणि आतून पोकळ, म्हणून मागच्या वेळी कटरवाल्याने सोडला.

त्याच्याच ढोलीत यंदा ककणेर आहे, म्हणजे धनेश पक्षी. मादी आत शिरते, तोंड लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. मग पिल्लं मोठी होईतो चारायचं नराने. तासभर बसले. नर दिसण्याआधी ऐकू आला, कुणी सूप पाखडावं तसा पंखांचा आवाज. खोडाला बिलगून बसला आणि घशातून एकेक उंबर वर काढत, चोचीच्या टोकात धरून फटीत देत राहिला. मी अकरा मोजली, मग डोळ्यांवर ऊन आलं. झाडाखाली टाकलेल्या बियांचा सडा, त्यातली काही रुजलेली.

अशी ढोली व्हायला आधी खोड म्हातारं व्हावं लागतं, मग एखादी फांदी मोडून आत कुजावी लागते. १२ वर्षांच्या फोकाला कसली ढोली? १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात, तोडायला परवानगी लागते अशा झाडांच्या यादीत १६ जाती आहेत. ऐन, किंजळ आहेत, बेहडा नाही. म्हणजे कागदोपत्री त्याला विचारणारं कुणी नाही, आम्ही सात सोडून.

दादाला म्हटलं, "बेहडा आणि वहाळाच्या दोन्ही अंगांची झाडं सोडून, असं लिहून घे. मगच सही."

"ठेकेदार पैसे कापेल."

"माझ्या वाट्यातले काप."

तो काही बोलला नाही. कागदाची घडी करून खिशात टाकली आणि पालखी ठेवतात त्या सहाणेकडे गेला. पालखी नाचवायला त्याचाच खांदा लागतो.

आता रात्री एक गोष्ट डोक्यात आली. वर ट्रक चढवायला वाट एकच आहे, ती त्याच वहाळातून जाते.