तोंड चालू

मे महिन्याची दुपार, त्यात जेवायला आमरस. बडोद्यात अशा वेळी माणसानं जागं राहणं हाच मुळात अन्याय. भाची सीएच्या अभ्यासाला बसलेली, पुढ्यात ठोकळा आणि तोंडात च्युइंगगम. आईला ते बघवेना. "गाईसारखं रवंथ काय चाललंय?" हे विचारताना आईच्या तोंडात मुखवास होता, ते सोडा.

"झोप जाते गं आजी," भाची म्हणाली. खोटं नाही. चघळलं की हृदयाचे ठोके थोडे वाढतात, तरतरी वाटते. 2011 साली अमेरिकेतला एक प्रयोग छापून आला होता. चाचणीआधी पाच मिनिटं गम चघळलेल्या विद्यार्थ्यांना सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं फायदा झाला. चाचणीभर चघळत बसले त्यांना काहीच नाही. म्हणजे थुंकायचं ते परीक्षेच्या दारातच.

आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात मागे चिकूचं झाड होतं. कच्चं फळ तोडलं की देठातून पांढरा चीक गळायचा. बोटांवर वाळला की त्याच्या गोळ्या वळायच्या आणि पैजेवर एखादी तोंडात टाकायची. चव तुरट, आणि ओठ असे चिकटायचे की आजी गोडं तेल लावून सोडवायची, वर धपाटा. मूळचं च्युइंगगम याच झाडाच्या चिकाचं, हे फार उशिरा कळलं. न्यूयॉर्कच्या थॉमस अ‍ॅडम्सनं मेक्सिकोतून आलेल्या चिकाचं रबर करायचा खटाटोप केला, तो फसला, तेव्हा तो गमकडे वळला आणि 1871 मध्ये ते बनवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. हल्लीच्या गममध्ये बहुतेक कृत्रिम रबरच असतं. म्हणजे अ‍ॅडम्सचं घोडं शेवटी गंगेत न्हालं म्हणायचं.

मला गम आवडतं ते गोडी संपल्यावर. तोवर नुसती पेपरमिंटची कटकट.

मामालाही रात्रपाळीत जागं राहायला तोंडात काहीतरी लागायचं. त्यानं सुपारी धरली. झोप उडवायचा गुण तिच्यातही आहे. सुपारीचा पुढे मावा झाला, म्हणजे तिच्यात तंबाखू आणि चुना आला. आता मामाच्या तोंडात दोन बोटं शिरत नाहीत. आतली कातडी आखडलीय, ती पूर्ववत व्हायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. तो आला की आई पोळी दुधात कुस्करून ठेवते.

मामाचा थोरला हायवेवर ट्रक चालवतो, रात्रीचा. तो काय चघळतो, हे घरात कुणी विचारत नाही.