एका बाटलीतले रोव्ह बीटल

पावसाळ्यात भातखाचरांना लागून असलेल्या एका वसतिगृहातून प्लास्टिकची बाटली आली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "ॲसिडवाला किडा. मुलांच्या मानेवर फोड." आत ट्यूबलाइटखालचे झाडून गोळा केलेले किडे, स्पिरिट आणि वर दाबून बसवलेला कापूस. कापसाच्या तंतूंत अडकून निम्म्यांच्या मिशा आणि पाय तुटले होते. कापूस घालूच नये. स्पिरिट काठोकाठ भरलं की किडे आत हिंदकळत नाहीत.

पेट्री डिशमध्ये ओतून सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. आखूड कडक पंख आणि उघडं पोट एवढ्यावर भागत नाही, इअरविगही तसाच दिसतो. शेपटीला चिमटा असलेले आधी बाजूला काढले. उरलेले सगळे स्टॅफिलिनिडी, म्हणजे रोव्ह बीटलच्या कुळातले. या कुळात ६०,००० हून जास्त जाती आहेत, त्यामुळे 'स्टॅफिलिनिड आहे' म्हणणं हा 'मुंबईत राहतो' एवढाच पत्ता झाला.

यापुढे रंग नंतर, मिशीचं मूळ आधी. डोळ्यांच्या मधोमध, डोक्याच्या वरच्या बाजूला मिशी उगवलेले बारीक तपकिरी किडे ॲलिओकॅरिनी उपकुळातले. हे सर्वांत मोठं उपकुळ आणि सर्वांत डोकेदुखीचं. डोक्याच्या पुढच्या कडेला मिशी आणि छातीच्या ढालीवर ठिपक्यांच्या दोन ओळी असलेला काळा किडा फिलॉन्थस या प्रजातीतला. त्याच्या जातींचे गट पाडताना एका ओळीत किती ठिपके हे मोजावं लागतं.

चिठ्ठीतला गुन्हेगार मात्र पिडेरस ही दुसरी प्रजाती. डोकं काळं, छाती नारिंगी, पंख निळसर धातूसारखे, पोट नारिंगी पण टोक काळं. रंगावरून ओळख पटलीच होती, तरी पावलाचा चौथा खंड पाहिला. तो दुभंगलेला होता.

जात ठरवायला नर लागतो, कारण ती त्याच्या जननेंद्रियाच्या आकारावरून कळते. नराच्या आठव्या उदरपट्टीला खोल खाच असते. असा एक निवडून गरम पाण्यात मऊ केला, पोटाचं टोक सुईने सोडवलं आणि १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये कोमट ठेवलं. इथे घाई नको, पण विसरूही नये; जास्त वेळ राहिलं तर पातळ पडदे विरतात आणि जननेंद्रियाचा आकार वाचता येत नाही. मग पाण्यात धुऊन ग्लिसरिनमध्ये ठेवलं. आकार पिडेरस फसिपेसशी जुळला. सुट्या माद्यांवर मी 'पिडेरस, जात अनिश्चित' एवढीच चिठ्ठी लावली. सोबत सापडल्या म्हणून नराचं नाव त्यांना देणं बरोबर नाही.

वसतिगृहाला फवारणी हवी होती. हा किडा चावत नाही. अंगावर चिरडला की त्याच्या रक्तातलं पेडेरिन हे विष त्वचेला लागतं आणि फोड साधारण दुसऱ्या दिवशी उठतात. म्हणून थापट मारू नये, फुंकून उडवावा, जागा साबणाने धुवावी. खिडक्यांना बारीक जाळी आणि रात्री पलंगावरचे दिवे बंद, एवढं कळवलं. खाचरातला पिडेरस तुडतुडे खातो, तो तिथेच असू द्यावा.