बसताय ना

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आंघोळ झाली तरी कानामागे मिठाची खरखर लागते आहे. पोटऱ्या भरून आल्यात. पण झोप अडली आहे ती एका 'ना'वर.

"काकू, तुम्ही बसताय ना?"

एवढंच. पुढच्या मिनिटाला पाच सॅक, चार मोबाईल, एक चष्मा आणि कुणाची तरी अंगठी माझ्या पुढ्यात आली आणि सहलीतली सोबतची पोरं पाण्यात. मी "हो हो, जा" म्हटलं. विचारणाऱ्या पोरीचं वाक्य संपायच्या आत म्हटलं.

आणि कुर्त्याच्या आत मी पहाटे पाचपासून स्विमसूट घालून होते. तो घालून इटलीतल्या मिलानोहून जेनोव्हा, तिथे गाडी बदलून समुद्रकाठचं कामोल्यी, कामोल्यीहून डोंगर. सप्टेंबर होता, ऊनही भादव्याचंच. आत नायलॉन, वर सुती कुर्ता, पाठीवर दशम्या. काय घामटं निघालं!

सान रोक्कोपर्यंत नुसत्या पायऱ्या. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, त्यावर ऑलिव्हच्या फांद्या. वर चर्चसमोरच्या कट्ट्यावर टेकलो, खाली सगळा किनारा. या सान रोक्कोला दरवर्षी १६ ऑगस्टला इमानी कुत्र्यांना बक्षीस देतात म्हणे, १९६२ पासून. तेव्हा मी "किती गोड" म्हटलं होतं. आता वाटतं, सामान राखणाऱ्यांसाठी वेगळा गट आहे का, विचारून यायला हवं होतं.

तिथून दोन वाटा फुटतात. एक खालून, कड्याच्या अंगाने, दुसऱ्या महायुद्धातल्या बंकरांवरून, पुढे साखळ्या धरून. दुसरी वरून, पिएत्रे स्त्रेत्तेमार्गे. पोरांना साखळ्या हव्या होत्या. मग एकाने माझ्याकडे बघितलं, दुसऱ्याने त्याच्याकडे बघितलं, आणि आम्ही वरच्या वाटेला लागलो. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर भांडता आलं असतं.

उतारावर मी सगळ्यांच्या पुढे होते. हे लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

सान फ्रुत्तुओझो मात्र बघण्यासारखं. झाडीतून उतरता उतरता अचानक खाली मठ, त्याच्या कमानी थेट गोट्यांच्या किनाऱ्यावर उतरलेल्या. आत दोरिया घराण्याच्या तेराव्या शतकातल्या कबरी, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या. गाडीरस्ता नाही, पायी या, नाहीतर बोटीने. आणि बाहेर पाण्यात, १७ मीटर खोल, ब्राँझचा येशू, १९५४ साली उतरवलेला, दोन्ही हात वर केलेला. त्याची प्रतिकृती चर्चमध्ये बघितली. लहान मूल "घे" म्हणून हात वर करतं तसे हात. तो तिथे बसून कुणाचं सामान बघतोय, देव जाणे.

मी पोरांचं बघत होते.

"बसताय का?" विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं? तासभर सॅकांमध्ये बसून हाच हिशेब केला. 'का'मध्ये जागा असते. 'ना'मध्ये उत्तर आधीच भरलेलं असतं, आपण फक्त सही करायची. आणि गेल्या दिवाळीपर्यंत मी ताई होते. मधे कधीतरी काकू झाले. कुठल्या रविवारी, तेही कळलं नाही.

आठव्या वर्षी मामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून ढकललेली मुलगी मी. दुसऱ्या उन्हाळ्यात डबा सुटला, तिसऱ्या उन्हाळ्यात वरच्या धावेवरून मुटका. त्या विहिरीचं पुढे काय झालं, ते आज नको.

रडूच आलं, खोटं कशाला बोलू. गॉगल होता म्हणून बरं.

मग कुणाचा तरी टॉवेल शोधायला माझी सॅक उपसली. तर आत सहा टॉवेल. दशम्या, लसणीची चटणी, बँडेज, ओआरएसची पाकिटं, जास्तीचे मोजे, सुईदोरा. सुईदोरा! डोंगरावर! आणि सकाळी गाडीत "पोहता कुणाकुणाला येतं रे? हात वर करा" हे मीच विचारलं होतं, सहलीला आलेल्या बाईंच्या आवाजात. स्वतःचा हात वर केला नव्हता. त्या पोरीने आणखी काय विचारायला हवं होतं?

पोरं ओठ निळे करून बाहेर आली. बोटीला पाऊण तास होता. मी उठले, कुर्ता डोक्यावरून काढला आणि चालायला लागले. चालणं कसलं, ते गोटे तळव्यांना असे टोचतात की ऐट राहतच नाही. मागून आवाज आला, "काकू, तुम्हाला पोहता येतं?" यात 'ना' नव्हता.

पाणी गार, हिरवट, तळ दिसेल इतकं नितळ. विहिरीत जरा थांबलं की बुडायचो. इथे काही न करताही अंग वर राहत होतं. कमानी बारीक होईपर्यंत लांब गेले. उताणी झाले. कानात पाणी गेल्यावर कुणाचंच काही ऐकू येत नाही. तेवढा वेळ फार चांगला गेला. त्याबद्दल जास्त लिहिलं तर उरणार नाही.

परत आले तर सगळी काठावर उभी, मोबाईल वर धरून, माझ्याकडे बघत. सामानाकडे पाठ. एक समुद्रपक्षी दशमी घेऊन मठाच्या कमानीवर बसलेला. मला इतकं हसू आलं की नाकातोंडात पाणी.

मग बोट आली, पळापळ, कोंबाकोंबी. गाडीत सीटवर टॉवेल घालून ओलीच बसले. हे घरी कसे होते, काय बोलले, ते लिहीत नाही.

सॅक आत्ता रिकामी केली. सहा टॉवेल आहेत, सुईदोरा आहे, स्टीलच्या डब्याचं झाकण आहे. डबा नाही. आईचं नाव झाकणावर नव्हतं, डब्यावर होतं, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. गोट्यांमध्येच राहिला असणार. मी बसले असते तर राहिला नसता.

झाकण धुऊन उपडं घातलंय.