आईला होंग दाखवला

फुकेटच्या आओ पो धक्क्यावरून निघालो तेव्हा आईने मला तिसऱ्यांदा विचारलं, "काळोखात जायचंय ना?" जायचं होतं. फांग ङ्गा उपसागरातल्या पानाक बेटाच्या पोटात.

मोठी बोट बाहेरच थांबली. आम्ही दोघी हवा भरलेल्या कयाकमध्ये, मागे वल्हं मारायला आमचा वाटाड्या. आत शिरायची वेळ भरती-ओहोटी ठरवते. पाणी जास्त चढलं तर गुहेचं तोंड बुडतं, फार उतरलं तर कयाक चिखलात रुतते. तोंडाशी वाटाड्या म्हणाला, "झोपा." आम्ही पाठीवर सपाट पडलो. चुनखडीचा दगड नाकापासून वीतभरावर. वटवाघळांचा उग्र वास, त्याच्या डोक्यावरच्या दिव्याचा एक गोळा, थेंबांचा आवाज. आईने माझा हात घट्ट धरला होता.

आणि एकदम उजेड! चारी बाजूंनी उंच कडे, वर उघडं आभाळ. याला थाईत होंग म्हणतात, म्हणजे खोली. डोंगर आतून पाण्याने झिजत गेला, छत कोसळलं आणि समुद्र आत आला. तळाशी चक्क कांदळवन, मुळांच्या घोड्या चिखलात रोवून उभं.

"अगो, निवट्या बघ!" आई ओरडली. चिखलावर खरंच निवट्या, म्हणजे चिखलात उड्या मारणारे छोटे मासे, टुणटुणत होत्या, आमच्या मालवणच्या खाडीत असतात तशाच. मग कांदळाच्या लांब शेंगा दाखवत ती वाटाड्याला मराठीतच सांगू लागली, बी झाडावरच रुजतं म्हणून. तो मान डोलवत राहिला. पाणी उतरायला लागल्यावर त्यानेच निघायची खूण केली. आई मात्र मागे वळून बघतच होती.